शेवटच्या रांगेतल्या सायकली

त्यांचं नाव मी लिहीत नाही. स्टुडिओत ते कोणी घेतही नसे. समोर 'सर' आणि पाठीमागे 'रांगसर'. हे दुसरं नाव त्यांना माहीत होतं. एकदा जिन्यात कोणीतरी ते जरा मोठ्याने उच्चारलं आणि नेमके सर मागून वर येत होते. ते थांबले, म्हणाले, "बरोबर आहे. चुकलं असतं तर सांगितलं असतं," आणि पुढे निघून गेले.

आमचा स्टुडिओ बिबवेवाडीत होता. खाली औषधांचं आणि झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. परदेशातल्या लहान मुलांच्या कार्टून मालिकांची कामं आमच्याकडे यायची. मी यवतमाळहून आलेली, कात्रजला चौघींमध्ये एक फ्लॅट, ॲनिमेशनचा कोर्स नुकताच संपलेला. माझं चित्र बेताचं आहे हे मला कोर्समध्येच कळलं होतं, म्हणून मी रेंडरच्या कामासाठी अर्ज केला. मुलाखत सरांनी घेतली. माझी फाईल त्यांनी उघडलीच नाही.

"आपण कधी रांगेत उभ्या राहिलात?" त्यांनी विचारलं.

"हो. गॅस सिलेंडरच्या."

"मध्ये कोणी घुसलं?"

"एक बाई घुसली होती."

"मग आपण काय केलंत?"

"मी भांडली."

"भांडले," ते म्हणाले. "भांडली ती दुसरी कोणी. उद्यापासून या."

रेंडर म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना मी कधीच नीट सांगू शकले नाही, तेव्हा इथे सांगून बघते. संगणकावर तयार केलेलं दृश्य आधी नुसता आराखडा असतो. भिंत कुठे, दिवा कुठे, कोण कुठून कुठे चाललंय, एवढंच. त्यातून खरं चित्र काढायचं ते मशीनने. पडद्यावर एक सेकंद सरकायला अशी चोवीस चित्रं लागतात आणि एकेका चित्राला कधी पाच मिनिटं जातात, कधी दोन तास. अशा हजारो चित्रांचा गठ्ठा मशीनच्या हवाली करायचा, म्हणजे जॉब टाकायचा. पूर्वी ही मशीन आमच्याच मागच्या खोलीत होती. मग ती भंगारात गेली आणि सगळं क्लाउडवर गेलं. म्हणजे कुठल्या तरी लांबच्या गावातली मशीन तासाच्या भाड्याने घ्यायची. किती घ्यायची, कोणाचा जॉब आधी आणि कोणाचा नंतर, मध्येच पडला तर पुन्हा चालवायचा की नाही, किती वेळ वाट बघून बंद करायचा, हे ठरवणारा माणूस एकच होता आणि तो रांग सोडून काही मानत नव्हता.

शिक्षणाने ते भौतिकशास्त्राचे एम.एस्सी. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या संगणक विभागात काढली होती. तिथे महिन्याच्या शेवटी सगळ्या कामगारांच्या पगाराचा एकच मोठा जॉब चालायचा. पुढे कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा यांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या पगाराच्या जॉबबद्दल ते क्वचित बोलत. "त्यात साहेब आणि शिपाई एकामागे एक यायचे. आडनावाच्या अक्षराप्रमाणे," एवढंच म्हणायचे आणि त्या वेळी त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा.

पडलेला जॉब आपोआप पुन्हा चालवायची सोय असते. बहुतेक लोक ती पाच-दहा वेळांवर ठेवतात. सरांनी ती एकाच खेपेवर ठेवली होती. "का पडला ते न बघता परत ढकलत राहायचं, याला सोय म्हणत नाहीत, आळस म्हणतात." जॉबला 'फायनल' असं नाव दिलेलं त्यांना चालत नसे. 'फायनल', 'फायनल दोन', 'आता खरंच फायनल' अशी नावं आली की ते तो जॉब परत पाठवत आणि खाली लिहीत, "आपला निर्णय झाला की कळवावे." आणि अर्जंट या शब्दाचं तर त्यांना वावडंच होतं.

"सर, हे अर्जंट आहे हो."

"आपल्याला की क्लायंटला?"

"क्लायंटला."

"मग क्लायंटला सांगा, आपल्यापुढे सहा जण उभे आहेत. त्यांनाही क्लायंट आहेत."

त्यांच्या खिशात कायम टेबल टेनिसचा एक चेंडू असायचा, राखाडी रंग दिलेला. चहाला खाली उतरलो की ते तो चेंडू दुकानाच्या कट्ट्यावर नाहीतर कोणाच्या स्कूटरच्या सीटवर ठेवायचे आणि एक डोळा बारीक करून बघत बसायचे. उजेड कुठून येतो, कुठे अडतो, भिंतीचा रंग चेंडूच्या सावलीत कसा उतरतो, हे बघायचे. चहावाल्याने पहिल्यांदा विचारलं, "काय शोधताय काका?" तर म्हणाले, "दुपार." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते खरंच दुपारच शोधत होते. दोनची दुपार आणि चारची दुपार यांतला फरक ते त्या चेंडूवर दाखवू शकायचे.

आमच्याकडे एक ॲनिमेटर होता, नगरकडचा. चेहरे त्याच्यासारखे कोणालाच जमत नसत. त्याच्या हातातलं कार्टून नुसतं गप्प बसलं तरी त्याच्या मनात काय चाललंय ते कळायचं. एकदा त्याचा एक प्रसंग मागे पडला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटला दाखवायचा होता. कोणाकडून तरी त्याने रांगेचा पासवर्ड मिळवला आणि आपला जॉब सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. सकाळी सर आले, त्यांनी पाहिलं. ते ओरडले नाहीत. त्याचा अर्धा झालेला जॉब त्यांनी रद्द केला आणि सगळ्यांच्या शेवटी परत टाकला. मग त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "आपलं काम रांगेत आहे."

क्लायंटसमोर त्या दिवशी काहीच दाखवता आलं नाही. स्टुडिओ ज्यांचा होता त्या मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. त्या स्वभावाने शांत, ॲनिमेशनच्या छोट्या क्लासपासून सुरुवात करून इथवर आलेल्या. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

"सर, अर्धं झालं होतं ना? पूर्ण होऊ द्यायचं. मग काय बोलायचं ते बोलायचं."

"अर्ध्यात थांबलेले बाकीचेही होते."

"त्यांचं आज दाखवायचं नव्हतं."

"हे त्यांना आधी विचारायला हवं होतं, मॅडम. आपण मला काढू शकता. रांग मोडायचीच असेल तर माझ्यानंतर ज्याला नेमाल त्याला सांगा."

मॅडमनी त्यांना काढलं नाही. पण त्या पोराने महिन्याभरात नोकरी सोडली. जायच्या दिवशी तो सगळ्यांना भेटला, सरांना सोडून. सर त्या दिवशी त्यांच्या खुर्चीतच बसून होते, दाराकडे पाठ करून. नंतर कळलं की तो बंगलोरला गेला आणि तिथे काही वेगळंच काम करतो, चेहऱ्यांचं नाही. सरांच्या कानावर ते गेलं तेव्हा मी शेजारी होते.  त्यानंतर बरेच दिवस कोणी अर्जंट म्हणालं तरी ते टोमणा मारत नसत. नुसतं "रांगेत टाका" म्हणायचे.

रांगेच्या अगदी तळाला एक जॉब कायम असायचा. नाव 'सायकल'. मी लागले तेव्हापासून तो तिथेच होता. वर कोणाचंही काम आलं की तो थांबायचा, सगळ्यांची कामं संपली की जरासा पुढे सरकायचा. आमच्या कुठल्याही मालिकेत सायकल नव्हती. एकदा मी विचारलं.

"माझं आहे," सर म्हणाले. "मॅडमची परवानगी आहे. मशीन मोकळी असतील तेव्हा चालतं."

"बघू का?"

त्यांनी जरा विचार केला. मग एक चित्र उघडलं.

नदीवरचा पूल होता. संध्याकाळचं ऊन तिरपं आलेलं. आणि पूलभर सायकली, शेकडो सायकली, सगळ्या पाठमोऱ्या. हँडलला डब्याच्या पिशव्या, कॅरिअरला अडकवलेले कोट, कोणाच्या पायजम्याला क्लिप लावलेली. एकाचाही चेहरा दिसत नव्हता. आणि प्रत्येक चाकात ऊन फिरत होतं. खरोखर फिरत होतं. स्पोक वेगाने फिरताना दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी एक चकाकतं वर्तुळ उरतं ना, ते प्रत्येक चाकात वेगळं होतं. 

"स्पोक फार त्रास देतात," ते म्हणाले. "एक तर बारीक, त्यात फिरणारे. मशीनला सारखं सारखं तपासावं लागतं, ऊन नेमकं कुठे पडलं. एकेका फ्रेमला अख्खी दुपार जाते. म्हणून मी फ्रेमचे तुकडे केलेत."

ते तुकडे कसे केले होते ते त्यांनी मला नंतर शिकवलं आणि आज मी जे काम करते ते सगळं त्याच्यावर उभं आहे. क्लाउडमध्ये काही मशीन सवलतीत मिळतात. अट एवढीच की मालकाला गरज पडली की तो ती चालू कामातून काढून घेतो, नुसती दोन मिनिटांची सूचना देऊन. सर त्यांना 'उसनी मशीन' म्हणायचे. स्वतःच्या कामाला त्यांनी तीच लावली होती. मशीन मध्येच गेलं तरी अख्खी फ्रेम वाया जाऊ नये म्हणून एकेका चित्राचे छोटे चौकोन पाडले होते. झालेला चौकोन जपून ठेवायचा, राहिलेला पुन्हा रांगेच्या शेवटी. इतक्या चिकाटीने आखलेलं काम मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

सायकली का, ते मी विचारलं नव्हतं. काही दिवसांनी चहाच्या कट्ट्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील नदीपलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात लेथवर होते. संध्याकाळी भोंगा झाला की सगळी पाळी सायकलींवरून पूल ओलांडून यायची. सर तेव्हा सहा-सात वर्षांचे. रोज पुलाच्या अलीकडच्या टोकाला, उतार संपतो तिथे, जाऊन उभे राहायचे. त्या लोंढ्यात वडील ओळखायचे, हा त्यांचा खेळ.

"ओळखू यायचे?"

"कधीच नाही. पुढे निघून गेलेल्या पाठींकडेच बघत राहायचो. तेच येऊन टपली मारायचे. म्हणायचे, भलतीकडे काय बघतोस."

वडील आता खूप थकले होते. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, सरांनी लग्न केलं नव्हतं, दोघं बिबवेवाडीतच एका फ्लॅटमध्ये राहायचे. सर दुपारी जेवायला घरी का जातात, ते मला तेव्हा कळलं. वडिलांच्या डोळ्यांत औषध घालायचं असायचं. डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी मधलं जाईल, कडेचं काही काळ राहील, मग तेही जाईल.

"त्यांना माहितीये का, तुम्ही हे करताय ते?"

"झाल्यावर दाखवणार आहे," सर म्हणाले. "आधी काय सांगायचं."

काम बऱ्यापैकी पुढे गेलं होतं. थोड्याच फ्रेम राहिल्या होत्या. मॅडमना ते कळलं तेव्हा त्या स्वतः म्हणाल्या, "सर, गणपतीच्या सुट्टीआधी संपवून टाका. मी सांगते सगळ्यांना, एक दिवस तुमचंच चालू द्या."

"चालेल तेव्हा चालेल," सर म्हणाले. मॅडमनी खांदे उडवले.

त्याच सुमारास सरांचे वडील बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग दवाखान्यात बरेच दिवस, मग घरी पलंगावर. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा महिन्याहून लांब रजा घेतली. मी एकदा फळं घेऊन गेले होते. सर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. त्यांनी आपण होऊन रांगेची चौकशी केली, सायकलींची नाही.

क्लाउडवर तयार झालेली चित्रं जिथे साठतात ती जागा स्वच्छ राहावी म्हणून सरांनी फार पूर्वी एक नियम घालून तो फलकावर लिहून ठेवला होता. महिनाभर ज्याला कोणी हात लावला नाही आणि जे कायमच्या कपाटात हलवलं नाही, ते आपोआप पुसलं जाईल. ज्याचं काम त्याने हलवावं. एक-दोघांचं काम त्यात गेलं होतं. ते रडकुंडीला येऊन सांगायला आले तेव्हा सर म्हणाले होते, "फलकावर लिहिलं होतं." सरांच्या सायकली कपाटात नव्हत्या; सर स्वतः त्या फोल्डरला हात लावत राहायचे, म्हणून टिकून होत्या. सगळ्या फ्रेम पूर्ण झाल्याशिवाय कपाटात काही ठेवायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता. त्यांच्या फोल्डरला हात लावायचा अधिकार स्टुडिओत दुसऱ्या कोणालाच नव्हता, मॅडमनासुद्धा नाही.

रजेवरून आले त्या सकाळी ते खुर्चीत बसले, फोल्डर उघडलं आणि तसेच बसून राहिले. मी कशासाठी तरी मागे आले होते. पडदा रिकामा होता.

"सर?"

"नियम चाललाय," ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं. "जसा चालायला हवा तसाच चाललाय."

आराखडा शिल्लक होता. पूल, सायकली, ऊन, सगळं जागच्या जागी होतं. गेली होती ती चित्रं, म्हणजे तीन वर्षं मशीन मोकळी सापडतील तशी साठवलेली दुपार. मॅडमना कळलं तशा त्या धावत आल्या.

"अहो सर, परत टाका सगळं. आजच. मी सगळी मशीन देते, वाढवून देते. मालिका चार दिवस थांबेल. मी बोलते क्लायंटशी."

"नको."

"तुमच्या वडिलांच्या डोळ्यांचं ऐकलंय मी. आता हट्ट करू नका."

 सर म्हणाले, "मॅडम, तो पोरगा गेला. मी त्याचं काम रांगेच्या शेवटी टाकलं म्हणून गेला. आता माझ्यासाठी रांग मोडली, तर तो कशासाठी गेला?"

मॅडम केबिनमध्ये परत गेल्या. मला तेव्हा सरांचा राग आला होता, हे आठवतं. आज राग येत नाही. नुसतं वाईट वाटतं. त्या माणसाला आपली चूक भरून काढायचा दुसरा रस्ता माहीत नव्हता. तेवढा एकच होता, आणि तो वडिलांच्या डोळ्यांवरून जात होता.

सायकली पुन्हा तळाला गेल्या. त्याच वेळी आमच्याकडे मोठी मालिका आली, मशीन एक तास मोकळी राहीना. आठवडेच्या आठवडे तो जॉब जागचा हलत नसे. सर रोज सकाळी येऊन एकदा खाली बघायचे आणि मग इतरांची रांग सुरू करायचे. मी मधूनमधून विचारायची, बाबा कसे आहेत. "कडेचं आहे अजून," असं सांगायचे. मग एके दिवशी म्हणाले, "उजेड कळतो." त्यानंतर मी विचारलं नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच दिवाळीला स्टुडिओ पूर्ण बंद राहिला, सगळे आपापल्या गावी गेले, रांग रिकामी झाली आणि त्या सुट्टीत सायकली पूर्ण झाल्या.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, कारण मला थांबायचंय ते दिवाळीनंतरच्या एका रविवारी. दुसऱ्या वर्षी वडील गेले. त्यानंतर स्टुडिओ एका मोठ्या कंपनीने घेतला. त्या कंपनीत रांग सांभाळायला माणूस नव्हता, ते सॉफ्टवेअरच करायचं, आणि ज्याचा जॉब महत्त्वाचा त्याचा ते आपोआप वर घ्यायचं. सरांना त्यांनी दुसरं काही काम देऊ केलं. सर गेले नाहीत. त्यांचा फोन मी दोनदा लावला, दोन्हीदा ते नीट बोलले, दोन्हीदा आधी मीच फोन ठेवण्याची वाट बघत राहिले. आता तो नंबर लागत नाही. त्या फ्लॅटमध्ये दुसरे लोक राहतात. त्या सायकली त्यांनी कुठे ठेवल्या, ठेवल्या की नाही, मला माहीत नाही. कुठल्या महोत्सवाला पाठवा म्हणून मॅडम मागे लागल्या होत्या. त्यांना सर म्हणाले होते, "तो तसा जॉब नाही."

तर तो रविवार. सरांनी घरी दाखवण्यासाठी स्टुडिओचा चांगला मॉनिटर मागून घेतला होता, रीतसर लिहून देऊन. रिक्षात तो सांभाळायला कोणीतरी हवं होतं म्हणून मला बोलावलं. दुपारची वेळ होती. वडील खुर्चीत बसले होते, बाजूला वॉकर. स्वच्छ धुतलेला शर्ट घातलेला, केस विंचरलेले. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, "कोण आलंय?"

"स्टुडिओतल्या आहेत, बाबा. माझ्याबरोबर काम करतात."

"कुठली गं तू?"

"यवतमाळची."

"लांब आलीस," ते म्हणाले. "बस. हा काहीतरी दाखवणार म्हणतोय. मला कसलं दिसतंय."

सरांनी पडदे ओढले, मॉनिटर त्यांच्या अगदी समोर ठेवला आणि सुरू केलं. पूल आला. ऊन आलं. सायकली निघाल्या. मी त्या आधी एकेक फ्रेम पाहिली होती, सलग कधी नाही.  ती शेकडो चाकं एकदम चमकत होती.

वडील चेहरा जरा तिरपा करून बसले होते. "पिवळं दिसतंय," ते म्हणाले.

"संध्याकाळ आहे, बाबा. तुमची पाळी सुटलीय. भोंगा होऊन गेलाय. सायकली निघाल्यात सगळ्या."

"आमच्या?" वडील सरसावून बसले. "कारखान्याच्या?"

"हो."

"आवाज नाही का काही?"

"आवाज नाही केलेला."

"असू दे. कुठवर आलेत?"

"पुलावर आलेत."

"मग उतरले असतील," वडील म्हणाले.

सर थांबले. "उतरले म्हणजे?"

"अरे, पुलाला केवढा चढ पलीकडून. दिवसभर लेथवर उभं राहून चढावर सायकल कोण मारणार? सगळे उतरायचे. हातात धरून चालत जायचो. गप्पा काय त्या तिथेच व्हायच्या. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाला ओव्हरटाइम मिळाला. पार वर आलं की मग टांग टाकायची." ते हसले. "तू उतारावर उभा असायचास. तुला बसलेलेच दिसायचे."

समोर पडद्यावर सगळी चाकं वेगात फिरत होती. एकही माणूस उतरलेला नव्हता. मी सरांकडे बघितलं नाही, बघवलं नाही.

"उतरलेत ना?" वडिलांनी विचारलं.

"हो, बाबा," सर म्हणाले. "उतरलेत. चालतायत सगळे."

"गप्पा मारतायत?"

"मारतायत."

"मी आहे त्यात?"

"आहात. कठड्याच्या बाजूने चाललाय. डबा हँडलला आहे."

"हां," वडील म्हणाले आणि मागे टेकले. संपल्यावर त्यांनी परत लाव म्हणून सांगितलं. सरांनी परत लावलं आणि परत सगळं सांगितलं. या खेपेला त्यांनी न विचारता सांगितलं, कोण कोणाशी बोलतंय, कोणाची सायकल कुरकुरतेय, एकाने थांबून चेन बसवली तर मागचे कसे थांबले. जॉबच्या नावात एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालवून न घेणारा तो माणूस, मी शेजारी बसलेली असताना, समोर नसलेलं एकेक दृश्य वडिलांना दाखवत होता. आणि वडील मान डोलवत होते.

निघताना मॉनिटर घेऊन आम्ही जिना उतरत होतो. एका बाजूने त्यांनी धरला होता, एका बाजूने मी. मधल्या मजल्यावर ते थांबले. मला वाटलं, दम लागला.

"हातात धरलेल्या सायकलीचं चाक हळू फिरतं," ते म्हणाले.

मी माझ्या बाजूने मॉनिटर कठड्यावर टेकवला.

"स्पोक सुटे दिसतात. मशीनला काही कष्टच नाहीत. एक फ्रेम दहा मिनिटांत झाली असती." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पहिल्याच वर्षी संपलं असतं. तेव्हा त्यांना पेपर वाचता येत होता. एकदा विचारायचं होतं, बस."

खाली रिक्षा थांबली होती. मॉनिटर माझ्या मांडीवर नीट ठेवून त्यांनी चादर गुंडाळली, वायर आत खोचली. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "सावकाश न्या. त्यांना घाई नाही."